तेराव्या राऊंडचं टिंब

ज्योत्स्ना ताकसांडे जेवण करून फक्त पाठ टेकवायला म्हणून आडवी होते. पाऊण तास हातात आहे. पावणेदोनला दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा भोंगा वाजेल, दोनला ती गोळ्या तपासायच्या रेंजवर पोचेल, लॉटच्या कागदावर सही करेल आणि झालं. झोपायचं नाही असं तिने स्वतःला चांगलं बजावलं आहे. आता असं बजावून आडव्या झालेल्या माणसाला जी झोप लागते ती रात्री दहाला दिवे मालवूनही लागत नाही, हे तिला कोण सांगणार?

एप्रिलचं ऊन क्वार्टरच्या खिडकीवर तापतंय. कूलर घरघरतोय. बाहेरच्या खोलीत सासूबाई तांदूळ निवडताहेत, मधूनच सूप पाखडल्याचा आवाज येतो. ज्योत्स्ना डोळे मिटते आणि नको नको म्हणत असताना सकाळ परत सुरू होते.

सकाळी दोन लॉट ताडून बघायचे होते, एक बंदुकीच्या जुन्या दारूचा, एक नव्या दारूचा. प्रत्येकातले वीस राऊंड, म्हणजे काडतुसं. रायफल शिकंज्यात आवळलेली, घोड्याला दोरी. तिच्या हाताखालचे सोनवाणे दोरी ओढणार, ज्योत्स्ना यंत्रावर गोळीचा वेग वाचणार आणि शेवटी दोघं लांबच्या निशाणाच्या पाटीपाशी जाऊन भोकं किती जवळजवळ पडली ते मोजणार. नवा लॉट दृष्ट लागावी असा निघाला. वेग जास्त, एका राऊंडपासून दुसऱ्यात फरक जेमतेम, आणि सगळी भोकं तळहाताखाली झाकली जातील एवढी जवळ. फक्त तेराव्याला सोनवाण्यांनी दोरी ओढली तेव्हा नुसतं टिक झालं. आणि मग, एक श्वास घेऊन सोडावा एवढ्या वेळाने, धाड.

म्हणजे उशिरा पेटलेला राऊंड. अजिबात न पेटणारा परवडला, तो निदान मेलेला तरी असतो. उशिरा पेटणाऱ्याचा भरवसा नाही. माणसाला वाटतं वाया गेला, तो रायफलचा मागचा बोल्ट उघडतो, आणि राऊंड त्याच्या तोंडावर फुटतो. म्हणून रेंजचा नियम आहे: टिक झालं की साठपर्यंत मोठ्याने मोजायचं, तोवर बोल्टला हात लावायचा नाही. आणि असा एक जरी सापडला तरी सगळा लॉट अडवायचा.

सोनवाण्यांनी तिच्याकडे बघितलं होतं. ती म्हणाली, "दोरी सैल होती. गाळा हा, एकविसावा घ्या." त्यांनी एकविसावा भरला.

का म्हणाली? घाबरली म्हणून, दुसरं काय. जानेवारीत तिने असाच एक लॉट अडवला होता, आवाज उशिरा आला म्हणून. सगळ्या सेक्शनने दोन रविवार येऊन दोनशे राऊंड परत उडवले, आणि एकही उशिरा पेटला नाही. तेव्हापासून कँटीनमध्ये ती चहाला उभी राहिली की कोणीतरी हळूच म्हणतं, ताकसांडे बाईंच्या कानात बारा महिने दिवाळी असते. परत तेच ऐकायची तिची छाती नव्हती.

कूलरची घरघर जाड होते. आता ती कूलरची राहिलेली नाही, रेंजवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याची आहे. ज्योत्स्ना शिकंज्यापाशी उभी आहे, पायात चपला नाहीत, फरशी गार आहे. तिच्या स्टुलावर गेडामभाऊ बसलेले आहेत.

नामदेव गेडाम. तीस वर्षं याच रेंजवर काढलेला माणूस. तिला हे काम शिकवलं ते त्यांनी. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेले. ज्योत्स्ना मयतीला गेली होती, त्यांच्या पायांवर तिने फुलं ठेवली होती. हे तिला आत्ताही माहीत आहे.

"जेवली का वो?" भाऊ विचारतात.

"जेवली, भाऊ."

"बरं केलं." ते वर बघत नाहीत. खाकी शर्टाच्या खिशात ती पेन्सिल आहे, जिभेवर ओली केली की जांभळी उमटणारी. भाऊंची पद्धतच होती: एखाद्या राऊंडचा संशय आला की डाव्या अंगठ्याच्या नखावर त्या पेन्सिलीने एक टिंब. तो राऊंड रजिस्टरमध्ये लिहून होईपर्यंत नख धुवायचं नाही. स्वतःच्या पोरीच्या लग्नात हा माणूस नखावर दोन टिंबं घेऊन व्याह्यांच्या गळाभेटी घेत होता. सगळ्या सेक्शनने ही सवय उचलली. ज्योत्स्नाने तर सगळ्यांच्या आधी.

"खूण दाखव," भाऊ म्हणतात.

तिचा डावा हात आपोआप पदराखाली जातो. "कशाची?"

"तेराव्याची."

ते स्टुलावरून उठलेले तिला दिसत नाहीत, पण आता ते तिच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभे आहेत. ओटा तिचाच, डबे तिचेच, पण ओट्यापलीकडची भिंत मागे मागे गेली आहे, रेंजच्या शेडइतकी लांब, आणि पार टोकाला कॅलेंडर टांगलेलं आहे, पाटीसारखं. त्यावर गोल काढलेले आहेत. गॅसचा वास येतोय. भाऊंच्या हातात लायटर आहे.

टिक.

"भाऊ, नका. गॅस कोंडलाय."

टिक. "तुले ऐकू आलं ना, सकाळी?"

"दोरी सैल होती."

"दोरी मी बांधेल हाय," भाऊ शांतपणे म्हणतात. "चौदा साल झाले. एक डाव तरी सैल झाली का?"

तिने ती दोरी रोज सकाळी स्वतः ओढून बघितलेली असते, आजही बघितली होती. भाऊ लायटर शेगडीजवळ नेतात. तिची मान आकसते, डोळे मिटतात, आणि टिक होतं आणि काहीच होत नाही. काहीच न होणं हेच भयंकर आहे. वास वाढत चाललाय.

"मोज," भाऊ म्हणतात.

"एक," ती म्हणते. "दोन. तीन." तिचा आवाज लहान मुलीसारखा येतोय. सहापर्यंत ती ओट्याला धरून उभी असते, आणि सात म्हणते तेव्हा हातात ओट्याऐवजी माईक असतो.

हा फॅक्टरीच्या क्लबचा हॉल आहे, भाऊंची शोकसभा झाली तो. टेबलावर हार घातलेला फोटो. समोर सगळं सेक्शन खुर्च्यांवर बसलेलं, आणि दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, भाऊ स्वतःच्या फोटोकडे बघत बसले आहेत. ज्योत्स्ना तेच बोलते जे तेव्हा बोलली होती: "भाऊंनी आम्हाला ऐकायला शिकवलं." कोणीतरी फिसकन हसतं. मग रांगच्या रांग हसू लागते, खांदे हलताहेत, तोंडं मात्र मिटलेली. कानात दिवाळी, कानात दिवाळी. हसत नाहीत ते एकटे भाऊ.

"याच्यापायी गाळला?" ते तिथूनच विचारतात. एवढ्या गलक्यात त्यांचा हळू आवाज तिला अगदी कानाशी ऐकू येतो.

"हो," ती म्हणते. खोटं बोलायला आता जागाच उरलेली नाही. "मला लाज वाटली भाऊ. परत चुकली असती तर?"

"तर हासले असते. माह्यावरही हासत होते. हासल्यानं कोणाचा डोळा जात नाही वो."

"एकच तर होता. आणि जरासाच उशीर."

"इथं, या उन्हात जरासा. थंडीत किती होईन? ओलीत किती होईन? सांग ना मले."

तिला दात वाजताना ऐकू येतात, तिचेच. थंडी पडली आहे. पायाखाली दवाने भिजलेलं गवत आहे, हॉल नाही, खुर्च्या नाहीत, मोठं मोकळं मैदान आहे. पोरं पोटावर झोपून रांगेने नेम धरून आहेत. कागदावर लॉट कुठे जाणार ते छापलेलं होतं, पोलीस प्रशिक्षण. तिने ते वाचलं होतं आणि वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. भाऊ तिच्या मागे उभे आहेत, इतके जवळ की एखाद्याचा श्वास मानेला लागावा. श्वास लागत नाही.

रांगेतली तिसरी मुलगी. केस बारीक कापलेले, डाव्या कानामागे तीळ. हा तीळ ज्योत्स्नाने पोरीच्या लहानपणापासून पाहिलाय. अस्मिता, भाऊंची नात. गेल्याच महिन्यात पेढे घेऊन घरी आली होती, पोलिसात भरती झाले म्हणून. "आबा पाहिजे होते, काकू," म्हणाली होती, आणि दोघी रडल्या होत्या.

"भाऊ, ही तर आपली..."

"मोज म्हटलं ना."

टिक.

अस्मिताची रायफल गप्प राहते. आजूबाजूच्यांच्या धाडधाड सुटताहेत. ती डावीकडे बघते, उजवीकडे बघते. तिच्या चेहऱ्यावरचं भेव ज्योत्स्नाला लगेच ओळखू येतं. ते गोळीचं भेव नाही. आपलीच तेवढी उडाली नाही, शिकवणारे उस्ताद ओरडतील, सगळे हसतील, ते भेव आहे. अस्मिताचा हात बोल्टकडे जातो.

हात काढ, असं ज्योत्स्ना ओरडते. तिच्या तोंडून निघतं, "एकोणतीस."

ती परत तोंड उघडते. अस्मिता, थांब. "तीस," तिचं तोंड म्हणतं. "एकतीस. बत्तीस." आकडे थांबत नाहीत. ती हाताने तोंड दाबते तर बोटांमधून आकडेच गळतात.

भाऊ तिचा डावा हात पदराखालून ओढून काढतात. त्यांची बोटं गार आहेत. खिशातली पेन्सिल काढून ते जिभेला लावतात आणि तिच्या अंगठ्याच्या नखावर टेकवतात. काही उमटत नाही. परत जिभेला लावतात. नाही.

"माही जीभ वाळली," भाऊ म्हणतात, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघतात. डोळे पिवळे आहेत, शेवटी होते तसेच. "तू दे."

ते पेन्सिल तिच्या तोंडाशी धरतात. तिला नको आहे. या माणसावर तिने बापासारखी माया केली, आणि आत्ता त्याच्या हाताची पेन्सिल जिभेला लावायची म्हणजे तिला मरणाहून वाईट वाटतंय. पण बोल्टचा दांडा वर उचलला गेला आहे. ती जीभ बाहेर काढते. कडू लागतं. भाऊ नखावर टिंब देतात, नीट दाबून.

"आता धुवू नको," ते म्हणतात.

"तुम्ही सांगा ना तिला," ज्योत्स्ना रडत म्हणते. आकड्यांशिवाय हे एवढंच वाक्य तिच्या तोंडून सुटतं. "तुमचं ऐकेल ती. तुमची नात आहे."

"मले कुठं आवाज हाय आता," भाऊ म्हणतात. "तुले हाय."

बोल्ट मागे सरकतो. ज्योत्स्ना श्वास घेते, आणि भोंगा वाजतो.

भोंगा वाजतच राहतो. कूलर घरघरतोय. उशी भिजली आहे आणि ब्लाउज पाठीला चिकटलाय. दारातून सासूबाई डोकावतात. "उठ वो बाई. पावणेदोन झाले. आणि झोपेत आकडे काय मोजून राहिली होती?"

ज्योत्स्ना उठते, मोरीत जाऊन नळ सोडते, तोंडावर पाणी मारते आणि साबण घ्यायला हात पुढे करते. डाव्या अंगठ्याच्या नखावर मोहरीएवढं टिंब आहे. जांभळं.

ती ते बघत राहते. सकाळी रेंजवर तिने टिंब दिलेलं नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. तसली पेन्सिल तर भाऊ गेल्यापासून सेक्शनमध्ये कोणाजवळ नाही, सगळे बॉलपेन वापरतात. ती दुसऱ्या हाताने हलकेच नख चोळते. टिंब जागचं हलत नाही.

"काय लागलं ते?" सासूबाई मागून वाकून बघतात. "जांभळं खाल्ली म्हणावं तर त्याले अजून दोन महिने हाय."

"कामाचं आहे, आई," ज्योत्स्ना म्हणते. ती फोन शोधते आणि सोनवाण्यांना लावते. कँटीन तिला आत्तापासून दिसतेय, परत दोन रविवार, परत दोनशे राऊंड, आणि कदाचित या वेळीही एकही सापडणार नाही. तिला भीती वाटतेच आहे. ती कुठे गेलेली नाही.

"सोनवाणे, लॉट सोडू नका. तेरावा लिहायचाय. उशिरा पेटला होता."

पलीकडे शांतता. एक श्वास घेऊन सोडावा एवढी.

"त्याची रिकामी पुंगळी मी वेगळी काढून ठेवेल हाय, बाई," सोनवाणे म्हणतात. "म्हटलं, तुम्ही विचारानच."

ज्योत्स्ना नळ बंद करते. साबण कोरडाच जागेवर ठेवते, अंगठा मुठीत धरते आणि हात न धुताच घराबाहेर पडते.