अण्णांची काळी बीअर

आम्ही चार-पाच जण अजून अधूनमधून सोलापुरात सात रस्त्याजवळ चहाला जमतो. पहिल्या कपाला गुडघे, शुगर आणि सुना. दुसरा कप आला की कुणीतरी म्हणतं, "ते अण्णांचं आठवतं का?" आणि मग तिसरा कप मागवावाच लागतो! बीअरच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेली माणसं चहावर बसून बीअरच्या गोष्टी सांगतात, हे शेजारच्या टेबलाला पटत नाही. पण हे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि कुठूनही सुरुवात केली तरी सगळे शेवटी त्याच एका हिवाळ्यात जाऊन पोचतात.

*

ब्रुअरी होटगी रोडला होती. मुळात तो शेठच्या वडिलांचा बर्फाचा आणि सोडा-लेमनचा कारखाना. सरकारने दारूबंदी सैल केली, परमिटवर प्यायला परवानगी दिली, तेव्हा शेठना वाटलं, गारवा आपल्याकडे आहे, बाटल्या आहेत, मग त्यात लिंबूच का भरायचं? लायसन्स काढलं, दक्षिणेतून जुन्या टाक्या आणल्या आणि सत्तरनंतर केव्हातरी बीअर सुरू झाली. बर्फही चालूच होता. त्यामुळे गावाच्या लेखी आम्ही 'बर्फवाले'च राहिलो.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन तिथे लॅब असिस्टंट म्हणून लागलो. लॅब म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि सहा परीक्षानळ्या. आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं, "आमचा मुलगा बर्फाच्या कारखान्यात केमिस्ट आहे." बर्फाच्या कारखान्यात केमिस्ट काय करतो, हे कुणी विचारलं नाही. उलट समोरच्या काकू म्हणाल्या, "मग आमच्या मुंजीला दोन लाद्या पाठवा की! घरचाच माणूस आहे."

झालं! पदरचे पैसे भरून, दोन लाद्या पोत्यात बांधून, सायकलवरून नेल्या. एप्रिलचं ऊन. पोचेपर्यंत दीडच उरली.

काकूंनी पोतं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "केमिस्ट असून अर्धी विरघळू दिलीत?"

*

शेठ माणूस चांगला, पण मुंबईच्या मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचं काही चालेना. दुकानदार आमची बाटली मागच्या फळीवर ठेवायचे. एका दसऱ्याला शेठनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगून टाकलं, "दिवाळीचा बोनस देतो. त्यानंतर ब्रुअरी बंद. बर्फ चालू राहील, पण बर्फाला आठ माणसं पुरतात."

आम्ही पस्तीस जण होतो.

मागून आवाज आला, "एक हिवाळा द्या."

ते अण्णा. आमचे ब्रूमास्टर. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलायचे, पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी टोपी आणि कपाळाला भस्म. बंगळूरच्या एका ब्रुअरीत बॉयलरला कोळसा घालायला म्हणून लागले आणि वीस वर्षांनी बीअर करायला शिकून परत आले.

शेठ म्हणाले, "अण्णा, थंडीत बीअर पितं कोण?"

"आत्ताची कोण पीत नाही, बरोबर. म्हणून थंडीतच प्यायची करू. काळी, दाट, स्ट्राँग. मोठे लोक असली करत नाहीत वो, त्यांना टाइम नाही. सहा आठवडे गारव्यात निवांत पडून राहावं लागतं तिला. आपला कॉम्प्रेसर उन्हाळ्यात तेवढा गारवा धरत नाही. बाहेर थंडी असली की धरतो."

"पण सोलापुरात हिवाळा असतो कुठं?"

"असतो की! थोडा असतो, पण असतो. तेवढ्यात बसवतो."

शेठनी एक टाकी दिली. जानेवारीत पुण्याचा एक मोठा डीलर येणार होता. त्याने ही बीअर उचलली तर ब्रुअरी चालू, नाहीतर कुलूप. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, कारण माझ्या पगारावर चार माणसं होती. अण्णा मात्र त्याच दुपारी बाही वर करून टाकी घासायला आत उतरले.

*

आता गंमत अशी, की या अण्णांनी जन्मात बीअरचा थेंब तोंडात घेतला नव्हता. "आमच्या घरात चालत नाही," एवढंच सांगायचे. चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे आणि नाकाशी धरायचे. आंबूस झाली, कडू झाली, घाई झाली, सगळं त्यांना वासावरून कळायचं. पण नवीन बीअर म्हटल्यावर कुणीतरी चाखायला नको का? अण्णांनी घागरभर नमुना केला आणि सगळ्यांना बोलावलं.

मेकॅनिक दस्तगीरभाई "तौबा!" म्हणून कॉम्प्रेसरच्या मागे गेले. मी आईला शब्द दिलेला. एक्साइजचे इन्स्पेक्टर आमच्याच आवारात ऑफिस मांडून बसायचे, ते म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे." उरलेल्यांत जे पीत होते, ते शेठसमोर कबूल करायला तयार नव्हते. एवढी मोठी ब्रुअरी आणि पिणारा एक नाही!

शेवटी लक्ष्मीबाई पुढे आल्या. बाटल्या धुणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलायच्या, आणि शेठसकट कुणालाच घाबरायच्या नाहीत.

"द्या हिकडं. लहानपणी आजीसंगं शिंदी प्यालीय मी."

अर्धा ग्लास घेतला, खोक्यावर बसल्या, उरलेला सावकाश संपवला. अण्णांनी विचारलं, "कसं आहे?"

"माझा नवरा पिऊन यायचा, तसला वास न्हाई ह्याला. त्यो पिऊन हात उचलायचा. हे पिऊन माणूस गप बसून राहील बघा."

मग अण्णा माझ्याकडे वळले. "केमिस्ट, लिहा. बाईंचा रिपोर्ट लिहा."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पिणारा बसून राहतो.' आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी खाली सही केली!

*

टाकी भरली. तीन आठवडे छान गेले, आणि एका रविवारी सकाळी कॉम्प्रेसर बसला. बाहेर ढग आलेले, थंडी पळालेली. बर्फही त्याच मशीनवर, आणि आदल्या दिवशीच्या सगळ्या लाद्या लग्नघरांना गेलेल्या. दस्तगीरभाईंनी आत डोकं घालून बघितलं. "दमच नै रहा इसमें. पुर्जा पूना से आयेंगा. चार दिन."

चार दिवसांत बीअर आंबट होणार, हे सांगायला केमिस्ट लागत नव्हता. त्यात टाकीच्या खोलीला दोन कुलपं. एक आमचं, एक एक्साइजचं. इन्स्पेक्टरसाहेब पुतण्याच्या लग्नाला कुर्डुवाडीला, आणि किल्ली त्यांच्या खिशात!

अण्णांनी मला स्टेशनवर पिटाळलं. कुर्डुवाडीला उतरून बँडच्या आवाजाच्या दिशेने पळत मांडवात पोचलो, तर साहेब पंगतीत.

"साहेब, किल्ली! कॉम्प्रेसर बंद पडलाय!"

"बसा."

"साहेब, टाकी तापतेय..."

"अहो, भरल्या पानावरून उठता येतं का? बसा!"

यजमानांनी मला मुलाकडचा समजून समोर पान मांडलं. जिलेबीचा आग्रह सुरू झाला. नाही म्हणण्यात वेळ जातोय, हे लक्षात आल्यावर मी खायला लागलो. इतक्या वेगाने पाच जिलब्या मी आयुष्यात खाल्ल्या नाहीत. वाढपी खूश होऊन आणखी दोन टाकून गेला.

हात धुतल्यावर साहेबांपुढे हात पसरला. ते म्हणाले, "किल्ली दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. नियम आहे. चला, मीच येतो."

आणि आले की हो! लग्न सोडून, डोक्यावर गुलाबी फेटा तसाच ठेवून, माझ्याबरोबर गाडीत बसून आले. अण्णांना भरून आलं. "साहेब, घरचं लग्न टाकून आलात!"

फेटा सावरत साहेब म्हणाले, "लग्न लागलं. आता टाकीचं बघा."

*

कुलूप उघडलं, पण गारवा आणायचा कुठून? टाकीला हात लावला तर कोमट. शेठ खुर्चीवर बसून राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

लक्ष्मीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याकडं मागाच्या खोलीत ओली पोती टांगत्यात. सूत तुटू नये म्हणून. खोली कशी गार पडती! टाकीला ओल्या चादरी गुंडाळा की."

सोलापुरात चादरींना काय तोटा! तासाभरात माणसं सायकलींवर चादरी घेऊन आली. लाल, हिरव्या, मोराच्या, काही तर अंथरुणावरून ओढून आणलेल्या. टाकीला चादरी बांधल्या, खिडक्या उघडल्या, दोन पंखे लावले आणि पाळ्या ठरवून बादल्यांनी पाणी मारायला सुरुवात केली. शेठही धोतर खोचून रांगेत आले. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर खाली उतरलेला बघून मी ओरडलोच. अण्णा म्हणाले, "नाचू नका, पाणी मारा."

चार दिवस टाकी धरली. पुण्याहून पुर्जा आला, कॉम्प्रेसर चालू झाला, चादरी घरोघर परत गेल्या. फक्त मधल्या दिवसांत टाकीवरून थोडा फेस उतू गेला होता, तो चादरींनी प्यायला होता.

आई दोरीवर आमची चादर टाकत होती. मध्येच थांबली. नाकाशी धरली. परत धरली.

"बर्फाला असा वास येतो होय रे?"

तिने चादर दोनदा खळबळून काढली, पिळली, वाळत टाकली आणि आत जाताना म्हणाली, "वाळली की घेऊन जा परत. लागेल अजून."

*

उरलेल्या दिवसांत अण्णा रोज सकाळी टाकीला कान लावून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "काय ऐकताय?"

"झोपलीय. हळू बोला."

*

जानेवारीत पुण्याचे डीलर आले. शेठनी त्यांना ऑफिसात न बसवता होटगीजवळच्या आपल्या शेतात हुरड्याला नेलं. सकाळची वेळ, गार वारा, आगटीत कणसं भाजताहेत, पानावर शेंगाची चटणी, गूळ, दही. आणि पाण्याच्या घंगाळात अण्णांच्या काळ्या बीअरच्या बाटल्या. परमिट, लायसन्स सगळं जागेवर, इन्स्पेक्टरसाहेब जातीने हजर. आम्ही पंधरा-वीस जण हुरडा चोळायच्या निमित्ताने आलो होतो, पण लक्ष सगळ्यांचं त्या ग्लासाकडे.

डीलर म्हणजे भारदस्त गृहस्थ. सफारी सूट, झुबकेदार मिशा, बोलायची हौस. "दारूचं लायसन्स अलीकडचं हो. मूळ धंदा आमचा लुगड्यांचा, आजोबांपासून. अर्ध्या पुण्याला नऊवारी आम्ही नेसवली!"

त्यांनी अर्धा ग्लास घेतला. चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्यांचं लक्ष अण्णांकडे गेलं. अण्णा नुसता हुरडा खात होते.

"ब्रूमास्टर तुम्हीच ना? मग तुमचा ग्लास कुठाय?"

"मी घेत नाही."

"आज नाही?"

"कधीच नाही."

डीलरनी ग्लास खाली ठेवला. "हे भलतंच! करणाराच पीत नाही, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू? असं करा, माझ्यासमोर एक ग्लास प्या. अख्खी टाकी आज उचलतो. नाहीतर मला जमायचं नाही."

शेठ हळूच म्हणाले, "अण्णा, एक घोट घ्या. पस्तीस घरं आहेत."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. खरं सांगतो, मलाही त्या वेळी वाटलं, प्या की हो अण्णा! एवढ्या दिवसांचे कष्ट आहेत, एका घोटाने काय होतंय? आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं.

अण्णांनी हातातला हुरडा पानावर ठेवला. हात झटकले.

"साहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"आजोबांपासून लुगडी विकताय म्हणता. विकायच्या आधी नेसून बघता काय वो?"

शेठनी डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टरसाहेब आभाळाकडे बघायला लागले. लक्ष्मीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे राहिले नाहीत.

डीलर अण्णांकडे बघत राहिले. मग खाली ठेवलेला ग्लास त्यांनी उचलला, सावकाश, मध्ये एकदा हुरड्याचा बकाणा भरून, पूर्ण संपवला. मिशा पुसल्या. आणि मागे वळून ड्रायव्हरला हाक मारली,

"गाडी सावलीला लाव रे! आज काय आपण लवकर निघत नाही."