खुर्च्या जऊळक्याला गेल्या

सकाळचे सहा पन्नास. मालेगावात वाशीम रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावर मुनाफभाई गाद्या अंथरत होते. खाली त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाला मंडप, गाद्या, भांडी, खुर्च्या भाड्यानं द्यायच्या, हा वडिलांपासूनचा धंदा. वर मोठा हॉल. तिथे ओळीनं टेबलं, भिंतीला इन्व्हर्टर, कोपऱ्यात वायफायची पेटी. पुण्याहून परतलेली पोरं त्याला को-वर्किंग म्हणतात, बाकी गाव मुनाफभाईचा हॉल म्हणतं. त्या सकाळी टेबलं जागेवर होती. खुर्ची मात्र एकही नव्हती.

आदल्या संध्याकाळी जऊळक्याच्या लग्नात वऱ्हाड ठरल्यापेक्षा बरंच जास्त आलं. मुलीच्या बापाचा फोन आला, लोक उभे आहेत, काहीही करा. गोदाम रिकामं होतं. वरचा हॉल आठला बंद झालेला, आणि चाकांच्या अठरा खुर्च्या रात्रभर नुसत्या पडून राहणार होत्या. भाड्याची वस्तू पडून राहिलेली मुनाफभाईंना बघवत नाही. त्यांनी राजूच्या टेम्पोत अठराच्या अठरा चढवल्या आणि पहाटे परत आण म्हणून बजावलं.

आता राजू फोनवर होता.

"भाई, खुर्च्याईवर लोक झोपून राह्यले."

"मंग उठव ना बे."

"कोनाले उठवू? नवरदेवाचा मामा हाय. दोन खुर्च्या जोडून झोपला. अन् चार खुर्च्या पोट्टे ढकलत ढकलत शाळेपर्यंत घेऊन गेले."

दुसरा कुठला दिवस असता तर मुनाफभाई हसले असते. पण अकराला एका फायनान्स कंपनीचे अधिकारी हॉल पाहायला येणार होते. कंपनीला शाखेसाठी सगळा मजला हवा होता, तीन वर्षांच्या करारावर. होय की नाही, ते आजच सांगायचं होतं. थोरला मुलगा तौकीर होय म्हणत होता. मुनाफभाईंचं ठरत नव्हतं.

सगळा मजला एकाला देऊन त्यांनी एकदा पाहिलं होतं. मोबाइल कंपनीचं ऑफिस होतं. एका महिन्याच्या नोटिशीवर ते लोक सामान आवरून गेले, आणि पुढे वर्षभर हॉलमध्ये कबुतरं राहिली. मग लॉकडाऊन आला, लग्नं थांबली. पुण्याहून गावी परतलेले तिघे आले आणि त्यांनी विचारलं, एका टेबलाचं दिवसाचं भाडं किती? गावातल्या बाकीच्या घरमालकांना हा प्रश्न विचित्र वाटला होता. ते अनामत मागत, अकरा महिन्यांचा कागद मागत, वर फर्निचर तुमचं तुम्ही करा म्हणत. मुनाफभाईंना त्यात विचित्र काही दिसलं नाही. लग्नवाले दुसरं काय विचारतात? किती खुर्च्या, किती दिवस.

नऊला वैभवी डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"चाचा, आज कीर्तन हाय का?"

"बेटा, खुर्च्या लग्नाले गेल्या."

"कोनाच्या?"

"जऊळक्याच्या पार्टीच्या."

"मंग आमाले पत्रिका काहून नाही?"

तिनं कोपऱ्यातला सत्यनारायणाचा चौरंग ओढला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि तक्क्याला टेकून बसली. वैभवीचं माहेर रिठदचं, सासर मालेगावचं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांची विम्याची बिलं तपासते. तिचं पाहून मागून आलेलेही गादीवर बसले. दहापर्यंत हॉल भरला. कोणी मांडी घातली होती, कोणी उशी मांडीवर घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवला होता. मुनाफभाईंनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा दिला आणि प्रत्येकाची माफी मागितली.

जीएसटीची कामं करणारे गणेशराव मात्र बसले नाहीत. रिसोडहून त्यांचं गिऱ्हाईक आलं होतं आणि दारातून गाद्या पाहून गालात हसलं होतं.

"मुनाफभाई, मी इथं कायले येतो? गिऱ्हाईकानं मले खुर्चीवर पाहावं म्हणून. सतरंजी तं माह्या घरीही हाय."

"गणेशभाऊ, चूक झाली. दुपारपर्यंत थांबा."

"दुपारी ते गिऱ्हाईक परत येते काय?"

त्यांनी दाराशेजारची आपल्या नावाची पाटी उतरवली, बगलेत घातली आणि जिना उतरले. मुनाफभाई जिन्यापर्यंत मागे गेले.

अकराला हेमसिंग राठोड आले, फायनान्स कंपनीचे अधिकारी. गाद्या पाहून त्यांनी सवयीनं बूट काढले आणि मोज्यांवर हॉलभर फिरले. खिडक्या पाहिल्या, वायरिंग पाहिलं, पार्किंगचं विचारलं.

"आणि ही मंडळी?"

"टेंपररी हायेत, सर," तौकीर म्हणाला. "एक तारखेपर्यंत हॉल खाली करून देतो."

तो हळू बोलला होता, तरी हॉलमधली बोटं थांबली. वैभवीनं कानातला हेडफोन काढला.

"तौकीरभाऊ, आमी जावं कुठी?"

"घरून करा ना, ताई. तुमचं तं ऑनलाइन हाय."

"करून पाह्यलं. मीटिंग चालू अन् मांगून मामंजी कॅमेऱ्यापुढून टॉवेल वाळू घालाले जाऊन राह्यले. घरी कोनी आलं का आत्याबाई म्हन्ते, वैभवी रिकामीच हाय, चहा टाकते. कंपनीनं दोनदा ताकीद देल्ली. आता तिसऱ्यांदा नाही देत, काढूनच टाकतीन."

टॉवेलावर सगळे हसले. हेमसिंगही हसले. वैभवी हसली नाही. तिचे सासू-सासरे वाईट नव्हते. फक्त घरात बसलेल्या सुनेला कामावर आहे असं मानणं त्यांना जमत नव्हतं. ती डबा घेऊन बाहेर पडू लागली तेव्हापासून त्याच सासूबाई, गोजराबाई, शेजारणींना सांगतात, सून ऑफिसात जाते.

मुनाफभाईंनी हेमसिंगांना विचारलं, "साब, तीन वर्षांच्या अगोदर शाखा बंद झाली तर?"

"तीन महिने आधी नोटीस देऊ. करारात तसं आहे."

उत्तर सरळ होतं. मुनाफभाईंनी हॉलकडे पाहिलं. सकाळी त्यांना वाटलं होतं, खुर्च्या नाहीत म्हटल्यावर लोक तोंड फिरवून जातील. गणेशराव गेले. बाकीचे पाय अवघडून, पाठ धरून, पण बसलेले होते.

"नाही जमणार, साब. माफ करा."

तौकीर खाली गेला. हेमसिंगांना राग आला नाही. त्यांना बसस्टँडजवळ आणखी एक जागा पाहायची होती. बूट चढवून ते गेले. वैभवीनं हेडफोन कानाला लावला, तेव्हा पुण्याहून कोणीतरी तिचं नाव घेत होतं.

टेम्पो दुपारी दोननंतर आला. सतरा खुर्च्या शाबूत होत्या, त्यातल्या एकीच्या पाठीला हळद लागली होती. अठरावीचं एक चाक जऊळक्यातच राहिलं.

संध्याकाळी मुनाफभाई गणेशरावांच्या घरी गेले. चहा मिळाला, गप्पा झाल्या. पण गणेशरावांनी तहसीलजवळ एक गाळा बघून ठेवला होता आणि ते परत येणार नव्हते.

घरी तौकीर जेवताना बोलला. "अब्बा, दिवाळीतक देखेंगे. आणखी टेबलं खाली झाली तर मी त्या साहेबाले फोन करीन."

"कर," मुनाफभाई म्हणाले. "पण लग्नवाल्याचा फोन आला तर सांग, वरच्या खुर्च्या आधीच भाड्यानं गेल्या."

उद्या शुक्रवार. हॉल नेहमीसारखा सातला उघडेल. दुपारी एक ते सव्वादोन बापलेक नमाजला जातात आणि तेवढा वेळ हॉलची किल्ली वैभवीकडे असते.