पडला नाही, घसरला

बॉक्सिंगच्या हॉलसमोरच त्यांचं सलून होतं. दिवसा लोकांच्या दाढ्या करायच्या आणि लढती असल्या की पांढरा शर्ट चढवून पंच म्हणून रिंगमध्ये उभं राहायचं, असं त्यांचं आयुष्य. सगळे त्यांना पंचकाका म्हणत. "दोन्हीकडे मान मलाच ताब्यात ठेवावी लागते," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. निकालाच्या बाबतीत मात्र माणूस धुतल्या तांदळासारखा.

त्या वर्षी अजिंक्यपदाच्या लढतीत आपल्या वस्तीचा बॉक्सर उतरला होता, ज्याला सगळे हातोडा म्हणत. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या थोरल्या बहिणीने, ताईने वाढवलेला, सगळ्यांचा लाडका. समोर बाहेरगावचा एक डावखुरा.

शेवटून दुसऱ्या फेरीत डावखुऱ्याचा एक आखूड ठोसा हातोड्याच्या कानशिलावर बसला. हातोडा जागच्या जागी खाली बसला. तिथे कोपऱ्यातलं पाणी सांडून रिंगचं कापड ओलं झालं होतं. सारा हॉल ओरडला, "घसरला! घसरला!" आणि पंचकाकांचा हात आपसूक आडवा हलला. घसरला. म्हणजे दहापर्यंतची मोजणी नाही. हातोड्याला उठवलं, त्याचे ग्लोव्ह्ज पुसले आणि लढत पुन्हा सुरू केली. हातोड्याने प्रतिस्पर्ध्याला मिठ्या मारत वेळ काढला आणि जेमतेम गुणांनी जिंकला.

"पंच, डोळे विकून आलायस का?" डावखुऱ्याचा प्रशिक्षक दोर धरून किंचाळत होता. त्याचा आवाज जल्लोषात बुडून गेला.

घरी जेवताना पंचकाकांचा घास हातातच राहिला.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"घसरणाऱ्याचा पाय आधी सरकतो. याचे आधी गुडघे गेले."

"मग तुम्ही तसं..."

"आमटी वाढ," ते म्हणाले.

चार दिवसांनी हातोडा दाढीला आला. सलूनमध्ये हीऽ गर्दी. कुणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला. दोन घोट घेऊन त्याने तो फळीवर ठेवला, पण फळी होती वीतभर पलीकडे. कप खाली पडून फुटला.

"चॅम्पियनचा हात! लागेल ते फुटणारच!" सगळे खो खो हसले. पंचकाकांच्या हातातला वस्तरा तेवढा थांबला. त्यांनी गर्दीला बाहेर काढलं आणि हातोड्याची मान हळूच वळवली. तो कळवळला.

"काका, ताईला सांगू नका," तो कुजबुजला. "शेवटच्या फेऱ्या मला आठवतच नाहीत. पुढच्या महिन्यात मोठी लढत ठरलीय."

"डॉक्टरांनी तपासलं का रे?"

"कशाला? मी पडलोच नाही ना. तुम्हीच सांगितलंत."

पंचकाकांनी वस्तरा मिटून ठेवला. डोक्याला मार लागून पडलेल्याला डॉक्टरांनी पास केल्याशिवाय बॉक्सिंग संघटना पुढची लढत देत नसे. घसरलेल्याला मात्र सगळी दारं उघडी होती.

ते तडक संघटनेच्या अध्यक्षांकडे गेले. भिंतीला मोठ्या लढतीची पोस्टरं टेकवून ठेवली होती.

"साहेब, माझा निकाल चुकला. त्या पोराला थांबवा."

अध्यक्ष चष्मा पुसत हसले. "घसरलेल्यांचे मेंदू तपासत बसलो तर उद्या न्हाणीघरात पडलेलेही रांग लावतील. तुम्ही हे बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. काय?"

डावखुऱ्याच्या तक्रारीची सुनावणी व्हायची होती. तिथे पंचकाकांनी आपला निकाल पुन्हा एकदा सांगावा, एवढीच अपेक्षा होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "तो ठोसा खाऊन पडला होता. मी पाय पाहिले नाहीत, हॉल ऐकला."

हातोडा समोरच बसला होता. त्याचं अजिंक्यपद गेलं. मोठी लढतही गेली.

दुसऱ्या दिवशी सलूनची काच फुटलेली होती. गिऱ्हाईक फिरकेना. पंच आधी विकला गेला की आता, एवढाच वाद वस्तीत उरला होता. संध्याकाळी फुटक्या काचा तुडवत ताई आत आली.

"माझ्या भावाच्या पोटावर पाय दिलात!"

"दिला, पोरी. आता त्याला दवाखान्यात ने. मग जोड्याने मार मला."

"नेतेच! तो ठणठणीत आहे म्हणून डॉक्टरांकडून लिहून आणते आणि तुमच्या तोंडावर फेकते!"

रागाच्या भरात तिने खरंच त्याला नेलं. डॉक्टरांनी त्याला घरी सोडलंच नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि हातोडा जगला. पण त्याची जीभ जड झाली आणि उजवी मूठ वळेना.

बऱ्याच दिवसांनी ताई पुन्हा आली. या वेळी ओरडली नाही.

"डॉक्टर म्हणाले, पुढची लढत खेळला असता तर रिंगमधून परतला नसता."

पंचकाकांनी मान हलवली.

"आणि म्हणाले, त्याच दिवशी आणला असता तर हातही वाचला असता."

 ती आली तशी निघून गेली. त्यानंतर दोघं भावंडं त्या रस्त्याने कधी आली नाहीत.

हॉलमध्ये आता दुसरा पंच आहे, दुसरा लाडका आहे. लढत असली की आतला गलका रस्ता ओलांडून सलूनमध्ये येतो. मध्येच तो एकदम चढतो. पंचकाका गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा बाजूला घेतात आणि गलका उतरेपर्यंत तसेच उभे राहतात.