खांबाला लागलेली पेनल्टी

माझ्या मावशीची लाँड्री आहे, आणि गावातल्या फुटबॉल क्लबचे कपडे वर्षानुवर्षं तिच्याकडेच धुवायला येतात. मॅचच्या दुसऱ्या दिवशी जर्सी, चड्ड्या आणि मोज्यांचं चिखलानं जड झालेलं गाठोडं तिच्या दारात येऊन पडतं. सुरुवातीला तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्यांच्या घामाचा वास आपल्या नाकात बसलाय, ती माणसं एकदा खेळताना तरी बघावीत, म्हणून ती एका रविवारी मैदानावर गेली, ती आजतागायत जातेच आहे. पाऊस असो की ताप, सोबतीला मला ओढून.

क्लब तसा यथातथाच. चषक जिंकला तो एकदाच, आणि नेमकी त्या दुपारी मावशी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर बेशुद्ध होती. जाग आल्यावर काका, म्हणजे तिचे यजमान, कानाशी वाकून म्हणाले, "अगं, जिंकले तुझे." तिला वाटलं, आपल्याला धीर द्यायला हे काहीही बोलताहेत. ती कूस बदलून पुन्हा झोपली. "जन्मात एकदा लग्न लागलं आणि नवरी झोपेत," असं ती स्वतःच सांगते.

त्यामुळे यंदा क्लब फायनलला पोचला तेव्हा तिच्या अंगात वारं शिरलं होतं. दुपारीच दुकान बंद करून, गळ्यात निळा स्कार्फ गुंडाळून ती माझ्या आधी मैदानावर हजर.

मॅच संपत आली तरी आम्ही दोन-एकने मागे होतो. तेवढ्यात समोरच्या एकाचा हात चेंडूला लागला आणि रेफरीनं आम्हाला पेनल्टी दिली. चेंडू उचलला आमच्या कॅप्टननं. उंच, हडकुळा, ताठ माणूस. सगळं गाव त्याला खांबच म्हणतं. मावशीनं माझं मनगट आवळलं. खांबानं धाव घेतली, चेंडू डावीकडे मारला. गोलकीपर साफ चकला, उजवीकडे झेपावला. आम्ही उठलोसुद्धा ओरडायला. आणि 'ठण्' असा आवाज आला. चेंडू दांडीला लागून बाहेर गेला होता. मग लगेच शिट्टी.

लोक निघून गेले तरी मावशी बसूनच होती.

"बोटभर गं," ती म्हणाली. "नुसतं बोटभर."

घरी काका कोडं सोडवत बसले होते. "हरले का?"

"बोटभरानं."

"म्हणजे हरलेच ना?"

त्यांच्या वाट्याला जेवणाबरोबर नुसती शांतता आली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात मदतीला गेले. सकाळीच कोपऱ्यावरचा केमिस्ट आपला पांढरा कोट टाकायला आला. तो पक्का समोरच्या टीमचा. "काय मावशी, खांबानं खांबालाच मारलं की!" मावशी गोड हसली. तो गेल्यावर तिनं कोटाच्या प्रत्येक बाहीवर एकीऐवजी दोन-दोन घड्या कडक इस्त्रीनं बसवल्या.

"अगं, हे काय करतेस?"

"असू दे. दोन गोल झाले ना त्यांचे, दिसायला नकोत?"

ती जरा खुलतेय असं वाटतंय, तोवर दार उघडलं. क्लबचं गाठोडं आलं होतं, पण नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी ते पाठीवर घेऊन खांबच वाकून आत आला.

मावशी कालपासून त्याला काय काय ऐकवायचं ते मनात घोळवत होती, हे मला माहीत होतं. पण ती नुसती इस्त्री फिरवत राहिली. मग तोच बोलला.

"मावशी, घरी पोरी माझ्याशी कुजबुजत बोलतात. बायको असं जपून वागतेय, जणू मला काही दुखणं झालंय. कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही तरी झाडा मला."

"झाडू?"

"झाडा."

मावशीनं इस्त्री उभी केली. "आयुष्यभर उजवीकडे मारत आलास मेल्या, आणि फायनललाच डावीकडे सुचलं तुला?"

"त्यांच्या गोलकीपरला माहीत होतं ना, मी उजवीकडे मारतो ते. बघितलंत ना, तो उजवीकडेच झेपावला."

मावशी थबकली. एवढा विचार तिनं केला नव्हता. "म्हणजे तू फसवलंस त्याला?"

"साफ."

"मग चुकलं कोण?"

खांबानं पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं. "दांडी," तो म्हणाला.

दोघंही असे हसले की मावशीला स्टूल ओढून बसावं लागलं. हसता हसता खांबाचे डोळे भरून आले, आणि मावशीनं ते न बघितल्यासारखं करून त्याच्यापुढे मोज्यांचा ढीग सरकवला. "नुसता उभा राहू नकोस. जोड्या लाव." तो खाली मांडी घालून बसला आणि दुपारपर्यंत उलटे मोजे सुलटे करत, जोड्या लावत राहिला. चार जोड्या चुकीच्या लावल्या, त्या तिनं तो गेल्यावर गुपचूप नीट केल्या.

मशीन घुमायला लागल्यावर ती मला म्हणाली, "जिंकले असते तर आज तो मिरवणुकीत असता. इथं कशाला फिरकला असता?"

मी मान डोलावली.

"पण जिंकायला हवं होतं गं," ती लगेच म्हणाली. "ते काही नाही. जिंकायलाच हवं होतं."

खांब पुढचा मोसमही खेळला. पेनल्टी मात्र आता दुसरा एक जण घेतो. त्या वेळी खांब मैदानाच्या मध्यावर येतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. बाकी सगळे श्वास रोखून चेंडूकडे बघत असतात, आमची मावशी खांबाकडे बघते. लोकांचा गलका ऐकून त्याचे खांदे सैल पडले, हात वर गेला, की ती माझ्या पाठीत धपाटा घालते.

"झाला बघ गोल!"