मास्तरांची अकरा मिनिटं

मास्तरांचा उजवा पाय चौतीस वर्षं ब्रेकवर होता. गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. तो उगाच दाबायचा नाही, पण त्यावरून पायही काढायचा नाही. अशी अधांतरी धरलेली टाच संध्याकाळपर्यंत दगड होऊन जाई. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा ब्रेक मारता तुम्ही. लाथ मला बसते."

त्यांची एकच गाडी, पांढरी, छोटी, टपावर पिवळी पाटी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं होतं. काहींच्या पोरांनाही. ओरडायचे नाहीत. शिकणाऱ्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी म्हणायचे, "हरकत नाही, आता उतरवायलाही शिकू." त्यांना खरं नावही होतं, पण ते फक्त लायसन्सवर उरलं होतं. बाकी सगळ्यांचे ते मास्तर.

त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. वय चोवीस. सकाळी साडेसातची वेळ मागितली, कारण घरी गाडीचं सांगितलेलं नव्हतं. दवाखाना लवकर उघडतो, एवढंच सांगितलं होतं. मास्तरांना यात काही नवल वाटलं नाही. घरी न सांगता शिकणाऱ्या सुना, सासवा, एकदा तर एक सत्तरीचे आजोबाही त्यांनी पाहिले होते.

मुलीचा हात चांगला होता. पहिले चार दिवस गाडी बंद पाडली, पाचव्या दिवसापासून चढावरून अशी उचलायला लागली की मागच्याला कळू नये. बोलायची कमी, विचारायची नेमकं. लांबच्या रस्त्यावर किती वेगाने जायचं. अंधारात समोरच्याचा दिवा डोळ्यांवर आला तर कुठे बघायचं. पंधराव्या धड्याला म्हणाली, "मास्तर, टायर बदलायला शिकवाल?"

त्यांनी गावाबाहेरच्या रस्त्याला, पेट्रोल पंपासमोर गाडी कडेला घेतली. शेजारी एक ट्रक उभा होता. मुलीने जॅक लावला, नट सोडवले, स्टेपनी चढवली, सगळं स्वतःच्या हाताने. मास्तर नुसते उकिडवे बसून बघत होते. शेवटचा नट आवळताना ती मान वर न करता म्हणाली, "हे मी शिकले, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" मास्तर म्हणाले.

तिने ओंजळीत पाणी घेऊन हात धुतले. त्यांनी तिला नेहमीच्या कोपऱ्यावर सोडलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस आले.

मास्तरांनी पोलिसांना सगळं सांगितलं, टायरचंसुद्धा. पोलिसांनी धड्यांची वही पाहिली, गाडी पाहिली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मुलगी गाडीतून उतरून चालत जाताना पाहिली. तपास करणारे साहेब पोक्त होते. म्हणाले, "ती सज्ञान आहे, सामान घेऊन गेलीय, आपल्या पायांनी गेली असं दिसतंय. पण टायरचं तेवढं बाहेर बोलू नका. ती कशी गेली असेल याचा अंदाज जितक्या कमी लोकांना, तितकं बरं. घरची मंडळी जरा कडक आहेत."

मास्तर म्हणाले, "बरं."

या एका शब्दाचं ओझं किती आहे ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी इंटरनेटवर 'तिला शोधूया' नावाचा गट निघाला. महिन्याभरात त्यात नऊ हजार माणसं. मुलीचे वडील त्यात रोज तिचा फोटो टाकत. बाकी बहुतेकांनी तिला पाहिलेलं नव्हतं, या गावात पाऊलही टाकलेलं नव्हतं. पण नकाशे काढले, घड्याळं जुळवली, बाण मारले. पंपाच्या कॅमेऱ्याची फीत कुणाच्या तरी हाती लागली. त्यात ट्रकच्या आडून पांढऱ्या गाडीचा मागचा भाग दिसत होता. गाडी अकरा मिनिटं उभी. माणसं दिसत नव्हती.

त्या अकरा मिनिटांवर तीनशे पानं लिहिली गेली. 'तिसरा डोळा' नावाच्या कुणीतरी गाडीत दुसरा ब्रेक असतो हे शोधून काढलं आणि लिहिलं की, म्हणजे हा माणूस हवी तिथे गाडी थांबवू शकतो. 'शांत पाणी' नावाच्या बाईंनी निदर्शनास आणलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गाडी धुतली.

"दुसऱ्या दिवशी शनिवार होता," मास्तर बायकोला म्हणाले. "शनिवारी मी गाडी धुतोच."

"मला काय सांगताय?" बायको म्हणाली. ती टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांना जोडून देऊन निवृत्त झालेली. मोजकं बोलायची सवय तिथलीच. "त्यांना सांगा."

परगावी असलेल्या मुलीनेही फोनवर तेच सांगितलं, "बाबा, एकदा तुमच्या तोंडून येऊ द्या." तेव्हा मास्तरांनी दुपारभर बसून आठ ओळी लिहिल्या आणि गटात टाकल्या. माझ्याकडे ती पंधरा धडे शिकली, पोलिसांना मी सगळं सांगितलं आहे, ती हुशार विद्यार्थिनी होती, ती सुखरूप असावी एवढीच इच्छा.

तासाभरात उत्तरं आली. 'होती' का लिहिलं? 'आहे' का नाही? याला काय माहीत आहे? आठ ओळींतल्या त्या एका 'होती'वर दोन दिवस खल चालला. एकाने व्याकरणाचं पुस्तक आणून दाखवलं.

मास्तर मग लिहायच्या भानगडीत पडले नाहीत. टायरची गोष्ट सांगितली असती तर अकरा मिनिटं एका वाक्यात मिटली असती. पण मग हीच नऊ हजार माणसं पोरीच्या मागे लागली असती. कुठल्या रस्त्याने गेली, कुणाची गाडी घेतली, कुठल्या पंपावर थांबली. आणि त्यांच्याआधी तिच्या घरचे पोहोचले असते. ते गप्प बसले. गप्प बसण्यात शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. दाढ दुखत असताना माणूस तोंड मिटून बसतो, तसं ते बसणं होतं.

सकाळी शिकायला येणाऱ्या बायका सगळ्यात आधी गेल्या. "भावाला वेळ आहे, तोच शिकवेल म्हणतो," असं एकीने सांगितलं. दुसरीने सांगितलंच नाही. मग कॉलेजच्या मुली. मग त्यांचे भाऊसुद्धा. गाडीच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने धुळीत लिहिलं, 'कुठे आहे ती?' मास्तरांनी ते पुसलं, आणि पुसताना त्यांना वाटून गेलं की आज बुधवार आहे, आज गाडी पुसलेली बघून कुणी काय म्हणेल. त्या विचाराचीच त्यांना जास्त शरम वाटली.

अशात एक नवीन बाई शिकायला आल्या. पंचेचाळिशीच्या, जाड चष्मा, बोटाला लाल शाईचा डाग. छापखान्यात मुद्रितं तपासते म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा गाडी बंद पाडली, गिअर खरवडला, "अगंबाई, मला जमेल का हो?" असं दोन-तीनदा म्हणाल्या. एवढ्यात शाळेच्या भिंतीआडून एक कुत्रं धावत आडवं आलं. मास्तरांचा पाय खाली जायच्या आत गाडी थांबली होती, न धक्का, न बंद. आणि थांबवण्याआधी बाईंची नजर आरशात जाऊन आली होती.

नवशिका माणूस कुत्र्याकडे बघतो. आरशात बघत नाही.

मास्तरांनी ओळखल्याचं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई मधूनमधून विचारत, "या गाडीत बायकाही एकट्याच शिकतात?", "कधी लांब नेता का हो?", "ती पंपाकडची बाजू कशी आहे?" मास्तर उत्तरं देत. सहाव्या दिवशी त्यांनी गाडी मैदानाच्या कडेला घ्यायला लावली आणि म्हणाले, "आज नीट चालवा आता. रोज गाडी बंद पाडायचा तुम्हालाही कंटाळा आला असेल."

बाई समोर बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कधी कळलं?"

"कुत्र्याच्या वेळी. किती वर्षं चालवताय?"

"बावीस."

"आणि त्या गटात तुमचं नाव काय?"

"घुबड," बाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांचे कान लाल झाले.

मास्तरांना हसू आलं, पण ते बाहेर यायच्या आधीच विरलं. "तुम्ही गाडी धुण्याचं लिहिलं होतं का?"

"नाही. 'होती'चं मी लिहिलं होतं." त्या थांबल्या. "माझं कामच ते आहे मास्तर. चूक दिसली की हात शिवशिवतात. घरी बसून वाटतं, आपण काहीतरी कामाचं करतोय. त्या मुलीसाठी कुणीतरी जागं आहे, असं वाटतं. माझी मावसबहीण अशीच गेली होती. आम्ही लहान होतो. कुणी शोधलंच नाही तिला. नाव काढायचीही घरात चोरी."

मास्तरांनी काचेतून बाहेर पाहिलं. मैदानात कुणी नव्हतं, फक्त एका खांबावर वाळत घातलेली चटई.

"अकरा मिनिटं तुम्ही काय करत होता?" बाईंनी विचारलं. आवाजात आता पोलीस नव्हता. नुसतीच विचारणारी बाई होती.

"ते मी सांगणार नाही. पोलिसांना सांगितलंय."

"तुमचं सगळं चाललंय मास्तर. विद्यार्थी चालले, नाव चाललं. सांगितलं तर सुटाल."

"मी सुटेन. बाकीच्यांचं काय होईल ते मला माहीत नाही."

बाई वाक्यं वाचणाऱ्या होत्या. गाळलेला शब्द त्यांना दिसायचा. त्यांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांना कळलं की यांना कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

"छापू नका," मास्तर म्हणाले. "हात जोडून सांगतो."

"हात जोडू नका हो," बाई म्हणाल्या. त्यांनी गाडी सुरू केली आणि मास्तरांना त्यांच्या घरापर्यंत आणून सोडलं. फार सुरेख चालवायच्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी दोन्ही पाय मागे घेऊन बसून प्रवास केला.

त्याच आठवड्यात घुबडाने गटात लिहिलं, 'मी सहा दिवस त्या गाडीत बसून आले. तिथे काही नाही. या माणसाला सोडा.' दुपारपर्यंत ठरलं की घुबड फितूर आहे. संध्याकाळी ठरलं की घुबड म्हणजे मास्तरांची बायकोच आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना गटातून काढून टाकलं. बाईंनी हे फोन करून सांगितलं, तेव्हा मास्तरांची बायको जवळच होती. ती म्हणाली, "विचारा त्यांना, मी लिहिताना चुका करते का?" घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

पुढचे सात महिने असेच गेले. उरलेल्या तीन विद्यार्थ्यांवर मास्तर गाडी चालवत होते. त्यात एक बहिरे शिंपीकाका होते, त्यांच्यापर्यंत यातलं काही पोहोचलंच नव्हतं.

मग एके दिवशी तेच पोक्त साहेब वाटेत भेटले आणि उभ्याउभ्या म्हणाले, "मुलगी सुखरूप आहे. स्वतः एका ठाण्यात जाऊन जबाब दिला. नोकरी करते. पत्ता कुणाला द्यायचा नाही म्हणाली. फाइल बंद." मास्तरांनी मान हलवली. शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने उठले.

पोलिसांनी दोन ओळींचं पत्रक काढलं. गटाने ते मानलं नाही. सही खोटी आहे, दबाव आहे, असं आठ-दहा दिवस चाललं. मग दुसऱ्या एका शहरात एक शिक्षिका नाहीशी झाली आणि सगळे तिकडे गेले. मास्तरांना कुणी काही कळवलं नाही. तीनशे पानं जिथे होती तिथेच राहिली.

पंधरा दिवसांनी दुपारी मुलीचे वडील दारात उभे. गटात रोज फोटो टाकणारे हेच. एकदा त्यांनी मास्तरांच्या घराचाही टाकला होता. बायकोने दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला झाली.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. मास्तरांच्याच वयाचे, पण मान वाकलेली.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"जाणार हे नव्हतं माहीत. नंतर अंदाज आला."

"मग मला का नाही सांगितलं?"

मास्तरांनी उत्तर शोधलं. खोटं सांगायची ताकद नव्हती आणि खरं कठोर होतं. "तिने सांगू नका म्हटलं होतं," ते म्हणाले.

वडिलांनी खुर्चीचा हात धरला. "घरात गाडी आहे. मी तिला कधी हात लावू दिला नाही. ठोकशील म्हणायचो." जरा वेळाने म्हणाले, "आईला फोन आला होता तिचा. जुनी गाडी घेतलीय म्हणे. दोनशे किलोमीटर एकटी जाते. माझ्याशी बोलली नाही." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "चालवते का ती नीट?"

"नीट चालवते."

"पावसापाण्यात?"

"घाई करत नाही. आरशात बघते. तुम्ही काळजी करू नका."

बायकोने चहा आणून ठेवला. ते प्यायले. माफीचं काहीतरी बोलायला आले असावेत, पण रिकामा कप बशीत फिरवत राहिले. मास्तरांनीही मदत केली नाही. वडील दाराशी चप्पल घालताना म्हणाले, "तो तुमच्या घराचा फोटो मी काढून टाकला. बाकीच्यांनी उचललेला आहे, त्याला मी काही करू शकत नाही."

"असू दे," मास्तर म्हणाले.

ते गेल्यावर बायकोने कप उचलले. "काय म्हणाले?"

"मुलगी गाडी कशी चालवते विचारत होते."

"बस?"

"बस."

ती आत गेली. पुढच्या वर्षी सकाळच्या बायका हळूहळू परत येऊ लागल्या. काही जणी आधी नवऱ्याला घेऊन येत. तो घरात, गाडीत नजर फिरवून जाई. मास्तर त्याला गाडीचं मागचं दारही उघडून दाखवत. दिवसाला चारच धडे घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. विचारलं तर म्हणत, वय झालं. दुपारी जेवून ते आडवे होत, आणि कधीकधी पाच वाजेपर्यंत बायको त्यांना उठवत नसे.