किशनदाजीची दया

झरीचा माणूस राणीसावरगावला निरोप घेऊन आला तेव्हा मी गोठा झाडत होतो. "किशनदाजी गेले," म्हणाला. मी खराटा ठेवला, हातपाय धुतले आणि निघालो. बहिणीचं कुंकू गेलं याचं दुःख झालं. दाजीचं किती झालं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

तेराव्याला जो तो सांगत होता, फार दयाळू माणूस, मुंगीवर पाय दिला नाही... मी तिसरीतून शाळा सोडलेला, असलं गोड बोलणं मला येत नाही. दयाळू होता, कबूल. त्या दयेचं ओझं कोण वाहत होतं, ते मात्र एकानंही सांगितलं नाही. म्हणून लिहायलोय.

त्याच्या घरी काळी नावाची कुत्री. सालोसाल व्यायची. दाजी आधी पिल्लं बघून हरखायचा, गूळ वाटायचा. त्यांचं दूध तुटलं, अंगणात घाण व्हायला लागली, की गोदाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला म्हणायचा, "यांची सोय लाव." आणि स्वतः देवळात जाऊन बसायचा. गोदा पाटीत पिल्लं घालून ओढ्यापलीकडं सोडून यायची. काळी जातानाही तिच्या मागं, येतानाही मागं... दोन दिवस गोदाच्या घशाखाली घास उतरत नसे. देवळातून आलेल्या माणसाला मात्र सपाटून भूक लागलेली असायची.

एकदा मी झरीला गेलो आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनं मोटारी बंद झाल्या. अडकलो. त्यातच ती पाटी निघालेली पाहिली.

"दाजी," मी म्हणालो, "परभणीला जनावरांच्या दवाखान्यात कुत्रीचं ऑपरेशन करतात. एकदा करून टाका. हिची दगदग चुकंल."

"पाव्हणं, मुक्या जिवाची कूस मारायची? देवानं दिलेलं काढून घेणारे आपुन कोण? लय पाप हाय ते."

समोर त्याचेच दोन बैल रवंथ करत होते. दोन्ही खच्ची केलेले. मी नुसतं बोट दाखवलं. तर म्हणतो कसा, "ती शेतीची गोष्ट हाय." वा रे धर्म! नांगर धरायचा असला की पापाला सुट्टी.

तेवढ्यात गोदा चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ तसंच. नवऱ्यापुढं तिचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आणीबाणीत नसबंदीची गाडी आली तवा तुमी जवारीत लपून बसले. मंग तुमच्या जागी मला नेऊन आपरेशनला निजवलं. माजी कूस देवानं दिलेली नव्हती का हो?"

दाजी चाचरला. "तुजं येगळं. तू माणूस हायस, तुला समजतं."

"समजतं म्हणूनच लय दुखलं." तिनं पाटी त्याच्यापुढं सरकवली. "काळीला दवाखाना नगं म्हणता, तर ही आज तुमी उचला. ओढ्यापलीकडं जाऊन या."

पाटीत पिल्लं कूं कूं करत होती. दाजीनं त्यांच्याकडं पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि गेला... कुठं, ते सांगायला नको.

पिल्लं मी माझ्या गावी नेली. पण त्याआधी त्याचीच गाडी, त्याचेच बैल जुंपून काळीला परभणीला नेऊन आणलं. मला कुणाची परवानगी लागत नाही. आणि मग बघा गंमत. हा पापभीरू माणूस काळीच्या टाक्यांवर हळद लावायचा, रात्रंदिवस माशा वारायचा! गोदा मला म्हणाली, "दादा, माजे टाके वले होते तवा हे इचारायले होते, पाणी कोण भरायचं?"

तेराव्याची माणसं पांगली. तिन्हीसांजेला गोदा ताट घेऊन बसली. म्हातारी झालेली काळी येऊन दाजीच्या रिकाम्या पाटाशी टेकली. दाजीची रीत अशी की पहिला घास कुत्रीला, मग स्वतः, आणि गोदा सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. दारातली शेजारीण डोळ्याला पदर लावून म्हणाली, "गोदाबाई, आदी काळीला टाक माय. त्यांची रीत होती."

गोदानं मान वर केली नाही.

"थांबंल ती," म्हणाली. "मी थांबले न्हाई का इतकी वर्सं?"

आणि तिनं दुसरी भाकरी वाढून घेतली.