डोंगराकडचं पहिलं घर

जानेवारीच्या शेवटच्या रात्री ब्रिजिड डोंगरावरून उतरते, आणि बाहेर टाकलेल्या ज्या कापडाला तिचा हात लागतो त्यात बाळंतिणीला सांभाळण्याची ताकद येते, असं आमची शेजारीण सांगायची. कोट न काढता, गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत. "मी थांबत नाही हं," म्हणायची आणि दारात तासभर थांबायची. खुर्ची पुढे केली तर तिच्याकडे संशयाने बघायची.

ब्रिजिड म्हणजे चर्चची संत. "चर्चच्याही आधीची आहे," ती आवाज खाली आणून सांगे, "पण फादरना कशाला उगाच त्रास?" मी आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. माझा चेहरा तिने वाचला असावा. "औषधं तू दे गं. हे खातं वेगळं आहे."

त्या वर्षी तिच्या, दूर नावन गावात राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते. आधीचं मूल जगलं नव्हतं. जानेवारीच्या शेवटच्या दुपारीच म्हातारीने आपला लोकरी स्कार्फ आमच्यामधल्या कुंपणावर टाकला. सकाळी तो घेऊन ती लेकीकडे निघणार होती.

आई तेव्हा दुखरे गुडघे घेऊन नाशिकहून आमच्याकडे आलेली. दिवेलागणीला पाऊस लागला. "अगंबाई, म्हातारी कपडा काढायला विसरली!" मी ड्यूटीवरून येईपर्यंत आईने स्कार्फ ड्रायरमध्ये फिरवून, घडी करून ठेवला होता. आटून निम्मा झाला होता.

सकाळी शेजारणीने तो पाहिला आणि ती बसली. पहिल्यांदाच. किल्ल्यासुद्धा गप्प.

मी आईला सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "विचार तिला, ती ब्रिजिड येते कुठून?"

"डोंगराकडून."

"मग पहिलं घर हिचंच की! हिच्याकडे संध्याकाळीच येऊन गेली असणार. पुढे केवढी गावं करायची असतात तिला."

मी भाषांतर केलं. माझं मत दोघींनीही विचारलं नाही. म्हातारीने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, मग स्वतःच्या घराकडे. "वरचं घर आमचंच," ती हळूच म्हणाली आणि तिने कात्री मागितली. स्कार्फचे दोन तुकडे केले. एक आईच्या हातात दिला. "तुझ्या गुडघ्यांना. मी थांबत नाही हं." या वेळी खरंच थांबली नाही.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. म्हातारी नातीपाशीच राहिली, वरचं घर विकलं गेलं. आमच्या दारात आता कोणी तासभर उभं राहत नाही.

आई नाशिकला अजून तो तुकडा गुडघ्याला बांधते. धुऊ देत नाही. स्कार्फचं लेबल तिच्याच तुकड्यावर आलंय. त्यावर लिहिलंय: ड्रायरमध्ये टाकू नये.